तंदुरुस्तीसाठी सायकल: नवशिक्यांचे पहिले बारा आठवडे

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी केलेल्या तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारे मोजमाप, ६.२ आले. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो, आणि या टप्प्यावर औषधाआधी आहार व व्यायामात बदल करून पाहण्याची संधी असते, असे माझ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. चालण्याचा मला कंटाळा होता आणि जिममध्ये मन रमले नव्हते. शाळेत असताना मात्र पुण्याच्या पेठांमध्ये तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल मी मनापासून चालवत असे. म्हणून सायकलच निवडली.

पहिल्या चार महिन्यांत माझ्या हातून तीन मोठ्या चुका झाल्या. मापापेक्षा मोठी सायकल घेतली, सीट फार खाली ठेवून ती चालवली आणि तिसऱ्याच आठवड्यात सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. उजव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे पुढचे पाच आठवडे सायकल जिन्याखाली उभी राहिली. त्या काळात मी जे वाचले, विचारले आणि नंतर स्वतः करून पाहिले, ते क्रमाने येथे मांडत आहे. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. नियमित व्यायाम सुरू केला की श्वास आणि हृदय काही आठवड्यांतच सरावतात, परंतु गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध, मनगटे आणि बसण्याची जागा यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम लागत नाही म्हणून आपण अंतर वाढवतो आणि मग गुडघा तक्रार करतो. त्यामुळे पहिले बारा आठवडे किलोमीटर आणि वेग मोजू नका; सायकलवर घालवलेली मिनिटे आणि आठवड्यातले दिवस मोजा. पुढच्या सर्व सूचना याच विचारावर आधारलेल्या आहेत.

१. सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना भेटा

तुमचे वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असेल, वजन बरेच जास्त असेल अथवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर सायकल घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. सोबत गेल्या वर्षभरातले तपासणीचे अहवाल आणि चालू औषधांची यादी न्या. गरज वाटल्यास ते ईसीजी किंवा ट्रेडमिलवरची ताण चाचणी सांगतील. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामाच्या दिवशी मात्रा आणि खाण्याची वेळ यांत काही बदल हवा का, हे स्पष्ट विचारून घ्या. काही औषधांमुळे व्यायामादरम्यान साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी असलीच पाहिजे.

छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवले तर ‘घर जवळच आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नका. जागच्या जागी थांबा, सावलीत बसा आणि मदत मागा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, तर देशभर आपत्कालीन मदतीसाठी ११२.

२. सायकल निवडताना

दुकानात साधारण तीन प्रकार तुमच्यासमोर ठेवले जातील. जाड, खाचा असलेल्या टायरची आणि पुढे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर असलेली माउंटन बाइक. बारीक टायरची आणि खाली वळवलेल्या हँडलची रोड बाइक. आणि या दोहोंमधली, सरळ हँडलची हायब्रिड. तंदुरुस्तीसाठी शहरातल्या आणि शहराजवळच्या डांबरी रस्त्यांवर चालवायची असेल, तर हायब्रिड घ्या, असे माझे ठाम मत आहे. टायरची रुंदी ३२ ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असली की खड्डे आणि गतिरोधक सोसवतात आणि सायकल जडही वाटत नाही. स्वस्त माउंटन बाइकचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर सायकलचे वजन वाढवतात आणि चढावर तुमची ताकद खातात, त्यामुळे केवळ रुबाबदार दिसते म्हणून ती घेऊ नका. रोड बाइकवर पाठ बरीच वाकवून बसावे लागते, आणि ज्याचे पोट सुटले आहे व पाठ आखडलेली आहे अशा नवशिक्याला ते पहिल्या वर्षी झेपत नाही.

मापाच्या बाबतीत मी फसले. सवलतीत दिलेली सायकल एक माप मोठी होती, आणि ‘सीट खाली घेतली की झाले’ असे विक्रेत्याने सांगितले. सीट खाली घेता येते, पण सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर फारसे कमी होत नाही. हात ताणले जातात आणि पंधरा मिनिटांत मान व खांदे भरून येतात. माप पाहण्याची सोपी रीत अशी आहे: सायकलच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, पादत्राणे घालून, सरळ उभे राहा. दांडी आणि शरीर यांमध्ये किमान दोन-तीन बोटे मोकळी जागा असली पाहिजे. नंतर सीटवर बसून हँडल धरा. कोपर किंचित वाकलेले राहिले आणि खांदे कानांकडे चढले नाहीत, तर लांबीही बरोबर आहे. विक्रेता जे माप सांगेल ते ऐका, परंतु दुकानाबाहेरच्या गल्लीत दहा मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चालवू देत नसतील तर दुसरे दुकान पाहा.

गिअर किती असावेत, यावर नवे लोक फार विचार करतात. सात-आठ गिअरवर सपाट शहर आरामात फिरता येते. पुण्यासारख्या चढउताराच्या गावी किंवा घाटाच्या जवळ राहत असाल तर पुढे दोन किंवा तीन दातेरी चक्रे असलेली सायकल उपयोगी पडते. घरात जुनी, बिनगिअरची, काळी सायकल असेल आणि ती तुमच्या मापाची असेल, तर तिचे ओव्हरहॉलिंग करून सुरुवात करायलाही काही हरकत नाही. महिनाभरात तुम्ही सायकल चालवणारच आहात की नाही, हे तिच्यावरही कळते.

जुनी सायकल विकत घेणार असाल तर तीन गोष्टी तपासा. फ्रेमच्या सांध्यांवर तडा नसावा. चाक उचलून फिरवल्यावर रिम ब्रेकच्या रबराला एका बाजूने घासू नये, आणि घासत असेल तर तिचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, निघेल की नाही हे मेकॅनिकला विचारावे. आणि विकणाऱ्याकडे मूळ बिल असावे.

३. जपून ठेवायचे कागद

सायकल चालवण्यासाठी परवाना लागत नाही आणि नोंदणीही नसते. नेमक्या याच कारणामुळे सायकल चोरीला गेली तर ती आपलीच आहे हे सिद्ध करणे अवघड होते. म्हणून खरेदीच्या दिवशीच पुढील गोष्टी करून ठेवा.

– फ्रेम क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्या. हा क्रमांक बहुधा पायडलांच्या मधोमध, फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. सायकल उलटी करून तो स्वतः वाचा आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.
– फ्रेम क्रमांकाचा आणि संपूर्ण सायकलचा छायाचित्र फोनमध्ये ठेवा व घरातल्या एका व्यक्तीला पाठवा.
– वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. मोफत सर्व्हिसिंग किती वेळा आहे, हेही त्यावर लिहून मागा.
– ओळखपत्राची प्रत, रक्तगट, औषधांची नावे आणि घरच्या दोघांचे फोन क्रमांक एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत घालून, सीटखालच्या पिशवीत ठेवा. फोनला कुलूप असते. अपघाताच्या वेळी अनोळखी माणसाला हा कागदच उपयोगी पडतो.

४. सीटची उंची

या टप्प्यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवा. नव्या लोकांचे गुडघे, पाठ आणि उत्साह या तिन्ही गोष्टी सर्वांत जास्त येथेच बिघडतात, आणि तरीही हा टप्पा बहुतेक जण स्कूटरच्या सवयीने उरकतात. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, अशी आपली समजूत असते. तशी सीट ठेवली की पायडल मारताना गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो. तासाभरात हजारो वेळा हीच हालचाल होत असल्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरची चूकही दुखणे आणते. माझ्या गुडघ्याचे मूळ यातच होते.

उंची अशी ठरवा. सायकल भिंतीला समांतर उभी करा आणि एका हाताने भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पायडल सर्वांत खालच्या जागी आणा आणि त्यावर टाच ठेवा. या स्थितीत पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, मात्र कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी पावलाचा पुढचा, बोटांमागचा रुंद भाग पायडलवर ठेवा. गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहील. हीच योग्य उंची होय. चालवताना सायकलही तोच भाग पायडलवर ठेवून चालवायची असते, तळपायाचा मध्य नव्हे.

उंची ठरली की सीट आडवी, जमिनीला समांतर करा. टोक वर असेल तर नाजूक भागावर दाब येतो, आणि खाली झुकलेले असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता व सारा भार तळहातांवर येतो. त्यानंतर दोन्ही पायडल एका पातळीत आणून बसा आणि पुढच्या पायाचा गुडघा साधारण पायडलच्या दांड्याच्या वर येतो का, ते घरच्या कुणाला बाजूने पाहायला सांगा. फार पुढे जात असेल तर सीट थोडी मागे सरकवा. सर्व ठीक झाल्यावर सीटच्या नळीवर पेनने खूण करून ठेवा, म्हणजे सर्व्हिसिंगनंतर ती बदलली तर लगेच कळेल. सीट वर घेताना नळीवर कोरलेल्या किमान मर्यादेच्या खुणेपेक्षा ती जास्त बाहेर काढू नका.

आता प्रश्न उरतो तो थांबण्याचा, कारण या उंचीवर पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि भीती वाटते. त्याचे उत्तर सीट खाली घेणे हे नाही. ब्रेक दाबत वेग कमी करा, एक पायडल खाली आणून त्यावर उभे राहा, सीटवरून पुढे उतरा आणि दुसरा पाय जमिनीवर टेका. निघताना हेच उलट्या क्रमाने करा. रिकाम्या मैदानात पंधरा-वीस वेळा हा सराव केला की अंगवळणी पडते.

दुखण्याची जागाही दोष कोठे आहे हे सांगते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर वापरत आहात. मागच्या बाजूला ओढ बसत असेल तर ती बहुधा जास्त वर आहे. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बदल करू नका आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. हातांना मुंग्या येत असतील तर कोपर ताठ ठेवण्याची सवय सोडा. बसण्याच्या जागेचे दुखणे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांनाच असते आणि ते बहुतेकांचे कमी होते. जाड, गुबगुबीत जेल कव्हर विकत घेण्याची घाई करू नका. लांब फेरीत ते दाबले जाऊन घासते. सीट तुमच्या बैठकीच्या हाडांना पुरेशी रुंद आहे का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. स्त्रियांची ही हाडे साधारणपणे अधिक अंतरावर असतात, म्हणून नव्या सायकलबरोबर आलेली अरुंद सीट महिनाभरानंतरही टोचत असेल, तर ती निःसंकोच बदलून घ्या.

५. हेल्मेट, दिवे आणि कपडे

सायकलस्वाराला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण माझ्या घरातून कोणीही त्याशिवाय बाहेर पडत नाही. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे. डोके हलवल्यावर ते सरकता कामा नये आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटेच मावली पाहिजेत. अंबाडा किंवा उंच बांधलेल्या केसांवर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून वेणी खाली, मानेजवळ घाला. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदला, कारण आतला फोम दाबला गेलेला असतो.

मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा पहाटेच्या फेरीसाठी आवश्यकच आहे. कपडे फिकट किंवा भडक रंगाचे घाला. ओढणी, सैल सलवार आणि पायजमा चेनमध्ये अडकतात. चेनच्या बाजूचा पाय घोट्याशी बांधून घ्या आणि ओढणी घरीच ठेवा. गादी असलेली सायकलिंगची चड्डी पाऊण तासाच्या पुढच्या फेऱ्यांना उपयोगी पडते. ती अंतर्वस्त्राविना घालायची असते, कारण शिवणीच घासून त्वचा सोलवटते; हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून येथे लिहिते. संकोच वाटत असेल तर तिच्यावर सैल ट्रॅक पँट घालता येते.

६. ब्रेक आणि गिअर

ज्यांना सायकल मुळीच येत नाही, त्यांनी दोन्ही पायडल काढून, सीट खाली घेऊन, हलक्या उताराच्या मैदानात पायांनी रेटत पुढे जाण्याचा सराव करावा. तोल सापडला की पायडल परत बसवून सीट हळूहळू वर घ्यावी. मोठेपणी शिकणाऱ्यांना, मागून कोणी धरून पळण्यापेक्षा, ही रीत जास्त सुरक्षित वाटते.

आपल्याकडे साधारणपणे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा असतो. तरीही तुमच्या सायकलवर एकदा खात्री करून घ्या. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, परंतु तो एकटाच जोरात दाबला तर मागचे चाक उचलले जाते. दोन्ही ब्रेक एकत्र, क्रमाने जोर वाढवत दाबा आणि त्याच वेळी शरीर थोडे मागे घ्या. रिमवर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा पकडतात, म्हणून पावसाळ्यात पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवा.

गिअरची गोष्ट थोडक्यात अशी: पुढचे लहान चक्र आणि मागचे मोठे चक्र म्हणजे हलका गिअर, पुढचे मोठे आणि मागचे लहान म्हणजे जड गिअर. पुढचे सर्वांत मोठे आणि मागचेही सर्वांत मोठे अशी जोडी टाळा, कारण चेन तिरकी ताणली जाते. चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा. चढाच्या मध्यावर, पायावर पूर्ण जोर असताना बदलला तर चेन करकरते किंवा उतरते. नव्या माणसाला जड गिअर म्हणजे जास्त व्यायाम असे वाटते, पण गुडघ्यासाठी ते वाईट आहे. पंधरा सेकंदांत उजवा पाय अठरा ते वीस वेळा खाली गेला, म्हणजे मिनिटाला सुमारे ७२ ते ८० फेरे झाले, की तुमचा गिअर योग्य आहे. यापेक्षा कमी भरले तर एक गिअर हलका करा.

७. बारा आठवड्यांचे वेळापत्रक

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. आपल्याला पाचव्या आठवड्यात १५० मिनिटांच्या पुढे पोहोचायचे आहे.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून चार दिवस, दर वेळी वीस मिनिटे, सपाट रस्त्यावर.
तिसरा व चौथा आठवडा: चार दिवस, तीस मिनिटे.
पाचवा ते आठवा आठवडा: तीन दिवस चाळीस मिनिटे आणि रविवारी एक तास.
नववा ते बारावा आठवडा: तीन दिवस पाऊण तास आणि रविवारी दीड तास, त्यात एखादा लहान चढ.

गती किती ठेवावी? शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतकी. एवढे मोजमाप पहिल्या तीन महिन्यांना पुरते. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या घड्याळाची गरज नाही. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस घरीच खुर्चीच्या आधाराने उठबशा, भिंतीवर हात टेकून जोर आणि पोटाचे व्यायाम करा, कारण सायकलने हात, खांदे आणि पाठ यांना पुरेसे काम मिळत नाही. एखादा आठवडा आजारपणात किंवा लग्नसराईत गेला, तर जेथे सोडले तेथून नव्हे, एक टप्पा मागे जाऊन सुरू करा.

येथे मला एक सावधगिरी सांगावीशी वाटते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्यांच्याविषयी वाचून उत्साह येतो, आणि यावा. सायकलस्वारांच्या गटात गेलात की ब्रेव्हेविषयीही, म्हणजे साडेतेरा तासांत २०० किलोमीटर अशा ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब फेरीविषयी, पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. ती ध्येये खुशाल मनात ठेवा. मात्र त्यांचा हिशेब बाराव्या आठवड्यानंतर करा. मला तिसऱ्या आठवड्यात पन्नास किलोमीटरला नेणारी मंडळी माझ्या भल्याचेच पाहत होती, पण त्यांचे गुडघे पाच वर्षे सरावलेले होते आणि माझे पंधरा दिवस.

८. रस्त्यावर

सकाळी सहा ते साडेसात ही वेळ बहुतेक शहरांत उत्तम. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवा, परंतु अगदी कडेला चिकटू नका. तेथे वाळू, काचा आणि खचलेला डांबराचा काठ असतो, आणि मागून येणाऱ्याला वाटते की तुम्हाला खेटून जाता येईल. कडेपासून साधारण तीन फूट आत राहा. उभ्या मोटारींजवळून जाताना दार उघडले तरी लागणार नाही इतके अंतर ठेवा. पावसाच्या पाण्यासाठी बसवलेल्या जाळ्यांच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर टायर अडकतो. त्या लांबूनच टाळा. वळण्यापूर्वी मागे पाहा आणि हात दाखवा. कानात इयरफोन घालू नका. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्यापेक्षा थांबून, उतरून, सायकल मध्ये ठेवून चालत जाणे बहुधा उपयोगी पडते. स्त्रियांनी पहाटेच्या अंधारात निर्जन रस्त्याला एकटीने जाऊ नये. दोघी-तिघींनी मिळून जावे आणि घरी मार्ग सांगून निघावे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला मनाई आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तो सायकलसाठी खुला दिसला तरी तिकडे जाऊ नका. घाटाचा सराव करायचा असेल तर जुना कात्रज घाट आधी, बोपदेव घाट नंतर, आणि सिंहगडाचा रस्ता पहिल्या वर्षाच्या शेवटी. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका; वळणाआधी वेग कमी करा, वळणात सोडा. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर रस्त्यावरचे तेल वर येऊन डांबर निसरडे होते, आणि तो दिवस घरी राहण्याचा आहे.

९. पाणी आणि खाणे

पाऊण तासापर्यंतच्या फेरीला आधी अर्धे केळे आणि एक पेला पाणी पुरते. त्यापुढच्या फेरीत तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी घोट घोट घ्या. उन्हाळ्यात त्यात लिंबू, मीठ, साखर घाला. दीड तासाच्या फेरीला दोन-तीन खजूर किंवा चिक्की खिशात असू द्या.

परतताना गटाबरोबर मिसळ खाण्याची पद्धत सर्वत्र आहे. सत्तर किलो वजनाची व्यक्ती सावकाश तासभर सायकल चालवून साधारण तीनशे ते साडेचारशे कॅलरी खर्च करते, आणि एका वडापावमध्येच त्यातल्या तीनशेच्या आसपास परत येतात. महिन्यातून एकदा अवश्य खा. पण दर रविवारी मिसळ, पाव आणि वर गोड चहा झाला, तर तीन महिन्यांनी वजनकाटा हलला नाही म्हणून सायकलला दोष देता येणार नाही. घरी येऊन मोड आलेली उसळ, अंडी किंवा ताक-भाकरी खा. माझे वजन पहिल्या तीन महिन्यांत जेमतेम दोन किलो उतरले, पण कंबर कमी झाली, झोप लागू लागली, आणि सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत एचबीएवनसी ५.८ आले. तेव्हा काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा.

१०. देखभाल आणि पंक्चर

सोबत ठेवायची साधने मोजकी आहेत: टायरच्या मापाची एक जादा ट्यूब, टायर काढण्याचे दोन प्लॅस्टिक लिव्हर, लहान पंप, अ‍ॅलन कीचा संच, पंक्चरची ठिगळे व सोल्यूशन, आणि थोडे रोख पैसे. घरी मोठा, दाब दाखवणारा पंप घ्या. नव्या सायकलस्वाराने केलेला हा सर्वांत सार्थ खर्च आहे.

हवेचा दाब किती असावा, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. आठवड्यातून एकदा तपासा, कारण पंक्चर नसतानाही हवा उतरते. पेट्रोल पंपावर भरायची वेळ आली तर जपून: तेथील यंत्र मोटारींसाठी असते आणि सायकलची लहान ट्यूब काही सेकंदांत फुटू शकते. शिवाय तुमचा व्हॉल्व्ह बारीक, टोकाला पेच असलेला असेल, तर तेथील नळी त्याला बसणार नाही. त्यासाठी लहान अडॅप्टर जवळ ठेवा.

पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याची घाई करू नका. आधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून बाभळीचा काटा किंवा काच शोधा. तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही शंभर मीटरमध्ये पंक्चर होते. रस्त्यावर हे पहिल्यांदा करण्याऐवजी एखाद्या दुपारी घरीच दोनदा ट्यूब काढून-घालून पाहा.

चेनला दर दोन आठवड्यांनी फडक्याने पुसून, सायकलच्या चेनचे तेल प्रत्येक कडीवर एक थेंब असे सोडा आणि बाहेरचे जादा तेल पुसून टाका. खोबरेल तेल किंवा ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसून लेप होतो आणि चेन व चक्रे लवकर झिजतात. पावसात भिजून आल्यास त्याच दिवशी पुसून तेल द्या. निघण्याआधी रोज तीन गोष्टी पाहा: टायर दाबून हवा, दोन्ही ब्रेक, आणि चाके घट्ट बसली आहेत का.

११. पहिली दीड तासाची फेरी

पुण्यात राहणाऱ्यांसाठी यासाठी खडकवासल्यासारखी जागा नाही. स्वारगेटहून धरण सुमारे सोळा किलोमीटर आहे, म्हणून तिकडे राहणाऱ्यांना जाऊन-येऊन दोन तासांच्या वर लागतात. त्यांनी पहिल्या खेपेला नांदेड फाट्यावरून परतावे. वडगाव, धायरीकडे राहणाऱ्यांना पूर्ण फेरी दीड तासात बसते. जाताना रस्ता हळूहळू चढत जातो आणि धरणाजवळ थोडा चढ आहे, तर परतीला उतार मिळतो, म्हणजे दमल्यावरची वाट सोपी असते. तुमच्या गावी मार्ग निवडतानाही हाच नियम लावा: जाताना चढ, येताना उतार.

रविवारी सहाच्या सुमारास निघा, कारण नऊनंतर सिंहगड आणि पानशेतकडे जाणाऱ्या मोटारींची रीघ लागते. पहिली वीस मिनिटे नेहमीपेक्षा हलक्या गिअरमध्ये जा. धरणापाशी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, अंग गार पडते आणि पाय आखडतात. घरी आल्यावर वहीत तारीख, मिनिटे आणि काही दुखले असल्यास त्याची जागा लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा कसा वाटला, हेही त्याच ओळीत लिहा. तेथे ‘काही नाही’ अशी नोंद लागोपाठ तीन सोमवार झाली, की मग जुन्या कात्रज घाटाचा विचार करा.